दुसऱ्या ठोक्यानंतर

"पुढं वाका. श्वास पूर्ण बाहेर सोडा. आता थोडा वेळ घेऊ नका."

एस.टी.तून निवृत्त झालेले ते ड्रायव्हर खुर्चीत पुढं वाकले. अप्पांनी त्यांच्या छातीच्या मधल्या हाडालगत, किंचित डावीकडं स्टेथोस्कोपची चकती टेकवली. दहाएक सेकंद ते ऐकत राहिले. मग त्यांनी कानातल्या नळ्या काढल्या. टेबलाच्या एका बाजूला मी उभी होते, दुसऱ्या बाजूला निसार. अप्पांनी स्टेथोस्कोप निसारच्या हातात दिला.

"ऐक, आणि काय वाटतं ते सांग."

निसारनं डोळे मिटले. ऐकताना तो नेहमी डोळे मिटायचा, आणि मला त्याचा तेवढाही राग यायचा. "दुसऱ्या ठोक्यानंतर बारीक फुंकर आहे, सर. लगेच सुरू होते आणि विरत जाते."

अप्पांनी मान हलवली आणि केसपेपरवर लिहून घेतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "त्रिशला, पुढच्या पेशंटला आत घे."

ही १९८६च्या एप्रिलमधली गोष्ट. मी आणि निसार सतारमेकर मिरजेच्या मेडिकल कॉलेजात एकाच वर्गात होतो. इंटर्नशिप नुकतीच संपली होती आणि पुढच्या शिक्षणाचे प्रवेश व्हायला अवकाश होता. मधल्या महिन्यांत मी अप्पांच्या दवाखान्यात काम करणार हे ठरलेलंच होतं. अप्पा म्हणजे माझे वडील, डॉ. भूपाल चौगुले. खाली ओपीडी आणि आठ खाटांचं हॉस्पिटल, वर आमचं घर. हृदयाच्या दुखण्यासाठी जतपासून, पार अथणीपासून लोक त्यांच्याकडं यायचे. निसारलाही बोलवावं हे अप्पांनीच ठरवलं, मला न विचारता.

मी नऊ वर्षांची असताना अप्पांनी स्वतःच्या छातीवर चकती ठेवून नळ्या माझ्या कानात घातल्या होत्या. मी म्हटलं होतं, तुमचं हृदय बोलतंय. ते म्हणाले, "हृदय मुकं असतं. बोलतात ती दारं. चार कप्पे आहेत आणि चार झडपा. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. रक्त पुढं गेलं की मागं दार लागतं, त्याचा हा आवाज. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली दोन दारं लागतात तो पहिला ठोका. मग खालचे कप्पे आवळतात, उजवा रक्त फुप्फुसांकडं ढकलतो, डावा साऱ्या अंगाकडं. ते गेलं की बाहेरची दोन दारं लागतात. तो दुसरा." एखादं दार नीट लागलं नाही तर रक्त फटीतून मागं येतं आणि त्याची फुसफुस ऐकू येते, हेही त्याच दिवशी सांगितलं. मला भाऊ नव्हता. माझ्यानंतर ही खुर्ची तुझी, असं ते पेशंटांसमोर म्हणायचे.

आणि आता स्टेथोस्कोप माझ्यासमोरून निसारकडं जायचा.

निसारचे वडील सतारी बनवायचे. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीची जागा कानशीनं घासून तारेचा आवाज उघडायचा, याला ते लोक जवारी काढणं म्हणतात. निसार सहावी-सातवीपासून वडिलांशेजारी बसून ते काम करत आला होता. अप्पा आईला कौतुकानं सांगायचे, काय कान आहेत पोराचे, घरातच तयार झालेत. आम्ही जैन, सूर्यास्ताआधी जेवतो. साडेपाचला ओपीडी थांबवून अप्पा वर यायचे, तेव्हा निसारलाही घेऊन यायचे आणि पाटावर शेजारी बसवायचे. आई त्याला दुसऱ्यांदा भाकरी वाढायची. मला भूक नसायची.

एकदा तर एका मुलाची छाती ऐकून अप्पा म्हणाले, स्वच्छ आहे. निसारनं ऐकलं आणि सरळ म्हणाला, "नाही सर. मला आवाज वाटतो." मी घाबरून अप्पांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. पण मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पेपरवरचं स्वतःचं खोडलं. माझ्या पाठीवर तो हात किती वर्षांत पडला नव्हता ते मी मोजायला लागले.

सगळ्यात वाईट म्हणजे मला ऐकू यायचं. ते पेशंट इंजेक्शनसाठी आतल्या खोलीत गेले की मी काही निमित्त काढून त्यांच्या मागं जायची आणि स्वतः ऐकायची. निसारनं सांगितलेली फुंकर मलाही ऐकू यायची, तशीच, तिथंच. माझे कान त्याच्यापेक्षा कमी नव्हते. मला कुणी विचारतच नव्हतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी ओपीडी संपल्यावर तो जिन्याखाली सायकलचं कुलूप काढत होता. मी खाली गेले. कॉलेजात आम्ही एकमेकांना अहोजाहोच करायचो, त्या वेळची मुलामुलींची तीच रीत होती.

"एक सांगायचं होतं," मी म्हटलं. "अप्पा तोंडावर बोलणार नाहीत. पण तुम्ही आता दुसरीकडं काम बघावं असं त्यांना वाटतं."

त्यानं कुलूप हातात तसंच धरलं. "सर असं म्हणाले?"

"हो."

"माझं काही चुकलं का?"

"तसं नाही. पण घरातली मुलगी असताना..." मी वाक्य तिथंच सोडलं. त्यानं ते स्वतःच पुरं केलं असावं, कारण पुढं काहीच विचारलं नाही. सायकल बाहेर काढली, फाटक नीट लावून घेतलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. कंपाउंडरच्या हाती चिठ्ठी पाठवली, घरी दुकानात अडचण आहे, येता येणार नाही, क्षमा असावी.

अप्पांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. दोन-तीन दिवस फाटक वाजलं की ते मान वर करून बघायचे. माणूस पाठवू का म्हणून त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी म्हणाले, त्याला नको असेल तर कशाला. त्या आठवड्यात त्यांनी नेहमीपेक्षा जास्त पेशंट एक्स-रे आणि ईसीजीला पाठवले. एकेकाची छाती ते दोन-दोन मिनिटं ऐकायचे. मला वाटलं, निसारवर रुसून बसलेत, जाईल हळूहळू.

आणि दहाव्या दिवशी ते मला म्हणाले, "त्रिशला, ऐक जरा."

विमल खाडे आरग गावच्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका, वय सव्वीस. तीन आठवडे ताप हटत नव्हता. गावात टायफॉइडच्या गोळ्या झाल्या होत्या. त्या घेतल्या की ताप दोन दिवस दबायचा आणि पुन्हा चढायचा. सोबत धाकटा भाऊ दत्ता होता. त्यानं सांगितलं, त्याआधी पंधरा दिवस दाढ काढली होती, तेव्हापासून ताई नीट जेवलेली नाही. लहानपणी गुडघे सुजायचे, शाळा बुडायची, हेही त्यानंच सांगितलं. अप्पांनी त्यांना दाखल करून घेतलं. पुढं वाकवून, श्वास सोडायला लावून पुष्कळ वेळ ऐकलं. मग म्हणाले, छाती स्वच्छ वाटते, टायफॉइडच असावा. आणि स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला.

मी या क्षणाची किती वाट पाहिली होती! मी चकती जरा जास्तच दाबून धरली. पहिला ठोका, दुसरा ठोका. आणि दुसऱ्याच्या मागोमाग, अगदी हलकी, लांबून आल्यासारखी फुंकर. मी जागा बदलून पुन्हा ऐकलं. होती.

मी मान वर केली. अप्पा माझ्याकडं टक लावून बघत होते. त्यांनी स्वच्छ म्हटलं होतं. आता मी आवाज आहे म्हणाले, त्यांनी पुन्हा ऐकलं आणि नाही म्हणाले, तर? पहिल्याच दिवशी मी चुकलेली ठरेन. निसारनं सांगून टाकलं असतं, हे मनात आलं मात्र, तिथंच माझं काहीतरी आखडलं. त्याच्यासारखं बोलायचंच नाही, असं ठरवून टाकल्यासारखी मी म्हणाले, "स्वच्छ आहे, अप्पा."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मला वाटलं, माझ्यावर खूश झाले.

पुढचे तीन दिवस मी विमलताईंची छाती टाळली. नाडी मोजली, ताप लिहिला, रक्तदाब घेतला. रक्तदाबाचा खालचा आकडा पहिल्या दिवशी सत्तर होता. तो साठ झाला, मग पन्नास. दार नीट लागत नसेल तर ठोक्यांच्या मधल्या वेळात धमनीतला दाब टिकत नाही, कारण रक्त मागं हृदयातच गळतं. हे मला पाठ होतं. मी आकडे नीट अक्षरात लिहीत होते आणि त्यांच्याकडं बघत नव्हते. विमलताई स्वभावानं बोलक्या होत्या. चौथीच्या मुलांनी वहीच्या पानांवर काढून दिलेली चित्रं त्यांनी उशीखाली ठेवली होती. मला एकेक काढून दाखवायच्या.

चौथ्या दिवशी सकाळी त्या आडव्या होईनात. आडवं झालं की जीव घुसमटतो म्हणाल्या. भावाच्या खांद्याला धरून खाटेच्या कडेला बसल्या होत्या, ओठ काळपट झाले होते. अप्पांनी पाठ ऐकली. फुप्फुसांत खालपर्यंत पाणी उतरल्याचा आवाज होता. मग त्यांनी छाती ऐकली, पुन्हा पुन्हा ऐकली. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्यांनी लघवी होऊन पाणी उतरायचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "हे फुप्फुसात कुठून आलं? छाती स्वच्छ होती ना?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "मी निसारला घेऊन येते."

फुंकर आहे, हे दुसऱ्याच्या तोंडून उघडं झालं तर मला बोलावं लागणार नाही, एवढाच त्यात हिशेब होता.

लुना काढून मी सतारमेकर गल्लीत गेले. निसार दुकानाच्या ओट्यावर वडिलांसमोर बसला होता, मांडीवर सतारीची दांडी. मला बघून उठला. मी एवढंच म्हटलं, पेशंट वाईट आहे, अप्पांनी बोलावलंय. अप्पांनी बोलावलं नव्हतं. हे त्याच्याशी दुसरं खोटं. त्यानं वडिलांकडं पाहिलं. ते म्हणाले, "जा बेटा, डॉक्टरसाहेबांचा निरोप आहे." त्यानं हात धुतले, आतून स्वतःचा स्टेथोस्कोप आणला आणि सायकलीवरून माझ्या लुनाच्या पुढं निघाला.

त्यानं विमलताईंना काही न बोलता नमस्कार केला. नळ्या कानात घातल्या आणि डोळे मिटले. पाच सेकंदही लागले नाहीत. मग त्यानं त्यांचे हात उजेडात धरून नखं पाहिली. दोन नखांखाली कुसळ शिरल्यासारख्या तांबूस-काळ्या रेषा होत्या. मी रोज त्याच हाताची नाडी मोजत होते.

"सर," तो म्हणाला, "महाधमनीच्या तोंडाची झडप गळतेय. बरीच गळतेय. टायफॉइड नाही हा. ताप झडपेवरच बसलाय."

अप्पांनी त्याच्या स्टेथोस्कोपनं स्वतः ऐकलं नाही. ते मला विचित्र वाटलं. ते सरळ फोनकडं गेले, मोठ्या हॉस्पिटलात बोलले आणि गाडी मागवली. गाडी येईपर्यंत त्यांनी दत्ताला खुर्चीत बसवलं. तो पोरगा रडायच्या बेतात होता. अप्पा त्याला हळू आवाजात समजावत होते, "दाढ काढली तेव्हा तोंडातले जंतू रक्तात गेले. तसे आपल्या सगळ्यांच्या रक्तात जातात. रक्त मिनिटाभरात सगळं अंग फिरून परत हृदयात येतं, त्या धारेत जंतू कुठं टिकत नाहीत. पण तुझ्या ताईचे लहानपणी गुडघे सुजायचे ना, त्या आजारानं तिची झडप तेव्हाच खरबरीत करून ठेवली होती. जंतूंना धरायला जागा मिळाली. आता ते दार कुरतडतायत."

"मग ती वाचेल का?"

"औषध शिरेतून महिना-दीड महिना द्यावं लागेल. वेळेत पोचलो तर वाचेल." ते थांबले. "चार दिवस उशीर झालाय. तो माझ्यामुळं."

मी खाटेचा दांडा धरून उभी होते.

विमलताईंना नेल्यावर अप्पा निसारला म्हणाले, "तू असा एकाएकी का गेलास रे? मी काही बोललो का तुला?"

निसारनं माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, पण मला तो वेळ संपता संपेना. त्याला सगळं समजलं ते मला दिसलं.

"अब्बांचे हात दुखतात, सर," तो म्हणाला. "दुकानात कुणीतरी हवं होतं." आणि तो निघाला. जेवून जा म्हणून आईनं वरून हाक मारली, तरी थांबला नाही.

त्या दुपारी अप्पांनी ओपीडी उघडली नाही. मी चार वाजता खाली गेले तर ते जुने केसपेपर काढून बसले होते. टेबलावर, खुर्च्यांवर, जमिनीवर गठ्ठे. तीन वर्षांचे होते.

"दार लाव," ते म्हणाले. मी लावलं. "मला ती फुंकर ऐकू येत नाही, त्रिशला. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज गेले माझे. पुण्यात तपासून घेतलंय. ठोके ऐकू येतात, जाडे आवाज येतात. ही एवढीच येत नाही. तीन वर्षं झाली."

मी खुर्चीवरचा एक गठ्ठा उचलून पेपर चाळायला लागले.

"निसारला माहीत नव्हतं. मी परीक्षा घेतोय असंच त्याला वाटायचं. तो सांगायचा, मी लिहायचो."

"मला का नाही विचारलंत? मलाही ऐकू येतं!"

"तू नऊ वर्षांची असल्यापासून मी तुझ्यासमोर ऐकतोय. माझा चेहरा बघून तुला दुसऱ्याच दिवशी कळलं असतं. पोरीला बापाचे कान गेलेले कळावेत, हे मला..." ते बोलायचे थांबले आणि एका गठ्ठ्याची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले. "आणि तू माझ्याविरुद्ध कधी बोलत नाहीस. मी स्वच्छ म्हटलं की तू स्वच्छच म्हणणार. तो मला नाही म्हणायचा. तोंडावर. मला ते पाहिजे होतं."

मग मी सगळं सांगितलं. जिन्याखाली निसारला काय म्हणाले ते, आणि विमलताईंची फुंकर मला पहिल्याच दिवशी ऐकू आली होती तेही. सांगताना मी त्यांच्याकडं बघू शकले नाही, गठ्ठ्यांकडं बघत होते. त्यांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला.

"ऐकू आली होती," ते म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "मला सांगितलंस, आता त्याला जाऊन सांग."

मी त्याच संध्याकाळी गेले. निसार एकटाच होता, सतारीच्या भोपळ्यांची कोरडी कवचं भिंतीशी लावत होता. मी ओट्याखाली उभी राहूनच सांगितलं, की अप्पांनी तसं काहीच म्हटलं नव्हतं, ते माझं होतं.

"सकाळी कळलं मला," तो म्हणाला. "सरांनी विचारलं तेव्हा."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"तिथं पेशंटचा भाऊ उभा होता. त्याच्यासमोर कशाला तमाशा." त्यानं हातातलं कवच खाली ठेवलं. "तुम्हाला ऐकू आलं होतं का? तिची फुंकर?"

त्याला हे कसं सुचलं, मला आजही कळलेलं नाही. मी हो म्हटलं.

तो ओट्यावर बसला. "माझा हेवा केलात ते समजू शकतो. मी तुमच्या घरात बसून तुमच्या वडिलांशेजारी जेवायचो. कुणालाही वाटेल. पण ती बाई..." त्याचा आवाज चढला आणि त्यानं तो मुद्दाम खाली आणला. "ती मेली तर मी तुम्हाला कधी माफ करणार नाही. जगली तरी करीन असं नाही."

मी म्हटलं, अप्पांना तीन वर्षांपासून बारीक आवाज ऐकू येत नाहीत, म्हणून त्यांनी तेव्हापासूनचे पेपर काढलेत. त्यातल्या प्रत्येकाला पत्र घालून पुन्हा तपासायला बोलावणार आहेत. एकटीला मला जमणार नाही.

"त्या लोकांसाठी येईन," तो म्हणाला. "तुमच्यासाठी नाही."

तो आला. जून आणि जुलैचे आठ रविवार. अप्पा प्रत्येक पेशंटला स्वतः सांगायचे, माझे कान अधू झालेत, म्हणून हे दोघं ऐकणार. काहीजण चिडले, एकजण उठून गेला. आधी निसार ऐकायचा, मग मी. आम्ही वेगवेगळ्या कागदांवर लिहायचो आणि शेवटी अप्पा दोन्ही ताडून बघायचे. अकरा जणांच्या झडपा गळत होत्या. त्यातल्या दोघांना उशीर झालेला होता. आमच्या कागदांत फरक फक्त तीनदा पडला. दोनदा तो बरोबर निघाला, एकदा मी. त्या आठ रविवारांत तो कामापलीकडं माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि पाटावर जेवायला बसला नाही. ऑगस्टमध्ये त्याला मुंबईत प्रवेश मिळाला. जाताना अप्पांच्या पाया पडला. मला नुसतं "येतो" म्हणाला.

गणपती होऊन गेल्यावर विमलताई आल्या. सहा आठवडे शिरेतून औषधं घेऊन जंतू गेले होते. झडप मात्र फाटली ती फाटलीच. पुढच्या वर्षी त्यांनी ती बदलून घेतली आणि पुन्हा शाळेत रुजू झाल्या. पण ते नंतरचं. त्या दिवशी त्या बारीक झालेल्या, पण हसत खुर्चीत बसल्या होत्या. अप्पांनी त्यांना पुढं वाकायला, श्वास सोडायला सांगितलं आणि मला ऐकायला लावलं.

"कसा आहे?" अप्पांनी विचारलं.

"तिसऱ्या श्रेणीचा, डाव्या कडेला जास्त..."

"ते नको. आवाज कसा आहे ते सांग."

मला कळेना. मग त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि कळलं.

"दुसरा ठोका पडतो," मी म्हणाले, "आणि त्याला चिकटूनच सुरू होतो. मध्ये फट नाही. आधी जरा धार आहे. मग बारीक होत जातो. दूध वर यायला लागलं की आई फुंकर घालते ना, तसा. पण शेजारच्या खोलीतून ऐकल्यासारखा. पुढचा ठोका यायच्या आत संपतो. आता पुन्हा. पुन्हा."

अप्पांनी डोळे मिटले होते. मी सांगत राहिले. विमलताई बिचाऱ्या दम धरून बसल्या होत्या, त्यांना श्वास घ्या म्हणायचं आम्ही दोघंही विसरलो. शेवटी त्यांनीच हुश्श करून घेतला.

"निसारला हे तेव्हा विचारता येत नव्हतं," अप्पा डोळे न उघडता म्हणाले. "त्याच्यासमोर मला सगळं ऐकू येत होतं ना."

मला आनंद झाला. फाटक्या झडपेची बाई समोर बसलेली असताना मला आनंद झाला, आणि तो निसारला मिळालं नाही ते मला मिळाल्याचा होता. आज मी अप्पांच्या तेव्हाच्या वयाची आहे, आणि तो आनंद दुसऱ्या कशाचा होता असं स्वतःला कधीच पटवू शकलेले नाही.

विमलताईंनी पदर सावरला. "बरं आहे ना, डॉक्टर?"

मी काय सांगते म्हणून अप्पा माझ्याकडं बघत थांबले होते.